विश्लेषण : काम्यूच्या कादंबरीत मारल्या गेलेल्या अरबाचे नाव काय? अस्तित्ववादी साहित्याला वसाहतींतील वाचकांनी कोणते प्रश्न विचारले?

आल्बेर काम्यू यांच्या ‘लेत्रांजे’ या कादंबरीत समुद्रकिनाऱ्यावर एका माणसाचा खून होतो. कादंबरी जगभर वाचली गेली, अभ्यासक्रमांत लागली; मात्र मेलेल्या माणसाचे नाव काय, हे बराच काळ फारसे कोणी विचारले नाही. अल्जीरिया, पॅलेस्टाइन, मार्टिनिक या भूभागांतून आलेल्या वाचकांनी ही पुस्तके आपल्या आयुष्याशी ताडून वाचली, तेव्हा काय बदलले? आणि मराठी वाचकाचा या वादाशी संबंध काय?

‘लेत्रांजे’मध्ये नेमके काय घडते?

१९४२ मध्ये, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, गालिमार या प्रकाशनसंस्थेने ही छोटेखानी कादंबरी प्रसिद्ध केली. इंग्रजीत ती ‘द आउटसायडर’ आणि ‘द स्ट्रेंजर’ अशा दोन नावांनी ओळखली जाते. कथा घडते फ्रेंच अमलाखालील अल्जियर्स शहरात. म्यूर्सो हा कचेरीत काम करणारा फ्रेंच तरुण. वृद्धाश्रमातील आई वारल्याची तार येते, तो अंत्यविधीला जातो, पण रडत नाही. दुसऱ्याच दिवशी पोहायला जातो आणि मारी या मैत्रिणीसोबत विनोदी सिनेमा पाहतो. शेजारी राहणाऱ्या रेमोंला आपल्या प्रेयसीला धडा शिकवायचा असतो. तिला बोलावून घेण्यासाठीचे पत्र म्यूर्सोच लिहून देतो. ती येते, रेमों तिला मारहाण करतो.

मग तिचा भाऊ आणि त्याचे साथीदार रेमोंच्या मागावर राहतात. एका रविवारी समुद्रकिनाऱ्यावर झटापट होते, रेमों जखमी होतो. काही वेळाने म्यूर्सो एकटाच तिथे परततो. डोक्यावर तळपते ऊन, समोर त्या भावाच्या हातातील सुऱ्याची चमक, खिशात रेमोंचे पिस्तूल. तो एक गोळी झाडतो आणि जरा थांबून, पडलेल्या देहावर आणखी चार.

कादंबरीचा दुसरा भाग खटल्याचा आहे. न्यायालयात चर्चा होते ती म्यूर्सो आईच्या अंत्यविधीला का रडला नाही, तिथे कॉफी का प्याला, सिगारेट का ओढली याची. साक्षीदार म्हणून वृद्धाश्रमाचा संचालक येतो, तिथला रखवालदार येतो, खानावळवाला येतो, मारी येते, रेमोंही येतो. मृताच्या घरातील कोणीही साक्षीला येत नाही. म्यूर्सोला मृत्युदंड होतो. सगळ्या कादंबरीत मृताचा उल्लेख ‘अरब’ एवढाच आहे.

मग ही कादंबरी इतक्या तरुणांना आपली का वाटली?

कारण म्यूर्सो खोटे बोलत नाही. मारी विचारते, माझ्यावर प्रेम आहे का. तो सांगतो की बहुधा नाही. पश्चात्ताप होतो का, असे विचारल्यावर तो सोयीचे उत्तर देत नाही. घरात, नोकरीत, नातेसंबंधांत अपेक्षित भावना दाखवून दाखवून थकलेल्या तरुण वाचकाला हा माणूस जवळचा वाटतो. काम्यू यांनीही १९५५ साली अमेरिकी आवृत्तीसाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत याच बाजूवर बोट ठेवले. त्यांच्या मते म्यूर्सो समाजाचा खेळ खेळायला नकार देतो आणि म्हणून त्याला शिक्षा होते.

काळही या वाचनाला अनुकूल होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात देव, राष्ट्र, प्रगती या शब्दांवरचा विश्वास डळमळला होता. माणसाला आधीपासून ठरलेले सार नसते, तो आपल्या निवडींतून घडतो, ही ज्याँ पॉल सार्त्र यांची मांडणी ‘अस्तित्ववाद’ या नावाने गाजत होती. काम्यू यांना मात्र हा शिक्का कधीच मान्य नव्हता. त्यांचा भर होता तो ‘निरर्थकते’वर, म्हणजे अर्थ शोधणारा माणूस आणि उत्तर न देणारे जग यांच्यातील विसंगतीवर. सार्त्र यांनी १९४३ मध्ये या कादंबरीवर दीर्घ लेख लिहिला आणि ती या चर्चेच्या केंद्रस्थानी आली.

पुढे ती सर्वदूर पोहोचली. १९६७ मध्ये लुकिनो विस्कोंती यांनी तिच्यावर चित्रपट काढला. २००६ च्या उन्हाळी सुट्टीत अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश ती वाचत असल्याचे व्हाइट हाऊसने सांगितले. तेव्हा इराकमध्ये अमेरिकी सैन्य होते, त्यामुळे या निवडीवर बरीच टीकाटिप्पणी झाली.

आक्षेप कोणी घेतला आणि काय?

अल्जीरियाचे युद्ध सुरू झाल्यावर हेच पुस्तक निराळे दिसू लागले. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीरियावर चढाई केली. १८४८ पासून हा प्रदेश कागदोपत्री फ्रान्सचाच भाग मानला गेला. सुमारे १० लाख युरोपीय वसाहतकार आणि त्यांच्या अनेक पटींनी जास्त अरब व बर्बर प्रजा अशी तिथली रचना होती. १ नोव्हेंबर १९५४ रोजी सशस्त्र उठाव सुरू झाला आणि ५ जुलै १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला. १९६१ मध्येच इतिहासकार पिएर नोरा यांनी अल्जीरियातील फ्रेंचांवरील पुस्तकात या कादंबरीकडे वसाहतकारांच्या मनातील दबलेल्या हिंसेचे चित्र म्हणून पाहिले.

१९७० मध्ये आयरिश लेखक कॉनर क्रूझ ओब्रायन यांनी आणखी साधा, पण नेमका मुद्दा मांडला. वसाहतीतील फ्रेंच न्यायालय, सुरा बाळगणाऱ्या अरबाला मारल्याबद्दल एका फ्रेंच माणसाला मृत्युदंड देईल, हे वास्तवात जवळपास अशक्य होते. असे न्यायालय रंगवताना कादंबरी नकळत वसाहतीतील कायदा निःपक्षपाती असल्याचे गृहीत धरते.

१९९३ मध्ये एडवर्ड सईद यांच्या ‘कल्चर अँड इम्पीरिअलिझम’मध्ये काम्यू यांच्यावर स्वतंत्र विवेचन आले. सईद जेरुसलेममध्ये जन्मलेले, कैरोत वाढलेले, घर गमावलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबातील. काम्यू यांच्या कादंबऱ्यांत अल्जीरिया ही निव्वळ पार्श्वभूमी उरते, तिथल्या लोकांना इतिहासही नसतो आणि आवाजही, हे त्यांना खटकले. १९४७ च्या ‘ला पेस्त’ म्हणजे ‘द प्लेग’ या कादंबरीबाबतही हाच प्रश्न उभा राहतो. ती ओरान या अल्जीरियन शहरात घडते. पण तिची महत्त्वाची पात्रे युरोपीय आहेत.

कादंबरी पुन्हा उघडल्यावर काय दिसते?

हे आक्षेप वाचून पुस्तकाकडे परतणाऱ्याला आधी निसटलेल्या जागा दिसू लागतात. रेमों आपल्या प्रेयसीचे नाव सांगतो, तेव्हा ती स्थानिक आहे हे म्यूर्सोच्या लक्षात येते. म्हणजे नाव उच्चारले गेले आहे, निवेदकाने ते ऐकलेही आहे. पण वाचकापर्यंत ते पोहोचत नाही.

दुसरी जागा तुरुंगातील. म्यूर्सोला पहिल्या दिवशी ज्या खोलीत कोंडतात, तिथे बहुतेक कैदी अरब आहेत. तू काय केलेस, असे ते विचारतात. एका अरबाला मारले, असे तो सांगतो. सगळे गप्प होतात. मग रात्र झाल्यावर तेच त्याला झोपण्याची चटई कशी अंथरायची, तिचे टोक गुंडाळून उशी कशी करायची ते दाखवतात. कादंबरी हा प्रसंग काही ओळींत उरकते. म्यूर्सोच्या एकाकीपणात रमलेला वाचक त्यावरून सहज पुढे जातो. आपल्या माणसाच्या मारेकऱ्याला चटई अंथरून देणाऱ्या त्या हातांकडे पाहणारा वाचक मात्र तिथेच थांबतो.

काम्यू वसाहतवादी होते का?

याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. काम्यू यांचा जन्म १९१३ चा, अल्जीरियातीलच. वडील पहिल्या महायुद्धात १९१४ मध्ये मारले गेले. स्पॅनिश वंशाची आई निरक्षर होती, तिला नीट ऐकू येत नसे. लोकांच्या घरी साफसफाई करून तिने मुले वाढवली. अल्जियर्सच्या बेलकूर या कामगारवस्तीत, दारिद्र्यात त्यांचे बालपण गेले. मळ्यांचे मालक असलेल्या वसाहतकारांशी त्यांचे काहीही साम्य नव्हते.

१९३९ मध्ये ‘आल्जे रेपुब्लिकँ’ या दैनिकासाठी त्यांनी काबिलिया भागातील उपासमारीवर लेखमाला लिहिली. मे १९४५ मध्ये सेतिफ परिसरातील उठाव फ्रेंच फौजांनी चिरडल्यानंतर, अल्जीरियातील लोकांना न्याय द्या, असे ‘काँबा’ या वृत्तपत्रातून त्यांनी पॅरिसला बजावले. जानेवारी १९५६ मध्ये, युद्ध सुरू असताना, दोन्ही बाजूंनी निदान सामान्य नागरिकांना मारू नये, असे आवाहन करण्यासाठी ते अल्जियर्सला गेले. सभागृहाबाहेर त्यांच्याच समाजातील लोक त्यांच्या मृत्यूच्या घोषणा देत होते.

तरीही पूर्ण स्वातंत्र्याच्या मागणीला त्यांनी पाठिंबा दिला नाही. १९५७ मध्ये नोबेल स्वीकारायला स्टॉकहोमला गेले असता एका अल्जीरियन विद्यार्थ्याने त्यांना याबद्दल जाब विचारला. अल्जियर्सच्या ट्रामगाड्यांत बॉम्ब फुटत आहेत, त्यात माझी आई असू शकते आणि न्याय म्हणजे हाच असेल तर मी आईची बाजू घेईन, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. या उत्तरावर आजही वाद होतो. कोणाला त्यात प्रामाणिकपणा दिसतो, तर कोणाला पळवाट. त्या शहरात इतरांच्याही आया होत्या, हा अल्जीरियन वाचकाचा प्रतिप्रश्नही तितकाच खरा आहे. जानेवारी १९६० मध्ये मोटार अपघातात काम्यू गेले. स्वतंत्र अल्जीरिया त्यांनी पाहिला नाही.

फॅनन यांना सार्त्र वाचून काय वाटले?

वसाहतीतील वाचक फक्त काम्यू यांच्यावरच नाराज झाले असे नाही. सार्त्र तर वसाहतवादाचे कडवे विरोधक होते; पण त्यांच्यामुळेही एक वाचक दुखावला गेला. तो वाचक म्हणजे फ्रान्झ फॅनन. १९२५ मध्ये मार्टिनिक या फ्रेंच बेटावर जन्मलेले फॅनन दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढले, जखमी झाले आणि नंतर ल्यों शहरात वैद्यकशास्त्र शिकले.

१९४८ मध्ये लेओपोल्ड सेंघोर यांनी संपादित केलेल्या कृष्णवर्णीय कवींच्या संग्रहाला सार्त्र यांनी गाजलेली प्रस्तावना लिहिली. काळेपणाचा अभिमान सांगणाऱ्या ‘नेग्रित्यूद’ चळवळीची त्यांनी स्तुतीच केली. पण ही चळवळ म्हणजे मधला टप्पा आहे, गोऱ्यांच्या वर्चस्वाला दिलेले उत्तर आहे आणि वंशभेद नसलेल्या समाजात ती विरून जाणार आहे, अशी मांडणी त्यांनी केली. तर्काला धरून पाहिले तर यात गैर काही नव्हते. फॅनन यांनी मात्र १९५२ च्या ‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’ या नावाने इंग्रजीत गेलेल्या पुस्तकात लिहिले की, ते पान वाचताना आपली शेवटची संधीच कोणी हिरावून घेतल्यासारखे वाटले. ज्याला नुकतेच स्वतःकडे अभिमानाने पाहता येऊ लागले आहे, त्याला ‘तुझा हा अभिमान तात्पुरता आहे’ हे सांगणारा मित्र कितीही हितचिंतक असला तरी उंचावर उभा राहून बोलत असतो.

याच पुस्तकातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. रस्त्यात एक गोरे मूल त्यांच्याकडे बोट दाखवून आईला सांगते की मला भीती वाटते. इतरांच्या नजरेमुळे माणूस वस्तू कसा बनतो, हे सार्त्र यांनी तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगितले होते. त्या नजरेला रंग असतो आणि ती सर्वांवर सारखी पडत नाही, ही भर फॅनन यांनी स्वतःच्या अनुभवातून घातली. सार्त्र यांचे विचार त्यांनी टाकले नाहीत. आपल्या अंगाला बसतील असे ते उसवून पुन्हा शिवले.

‘द रेचेड ऑफ द अर्थ’ कोणी कसे वाचले?

१९५३ मध्ये फॅनन अल्जीरियातील ब्लिदा येथील मनोरुग्णालयात डॉक्टर म्हणून रुजू झाले. छळ झालेले बंडखोर त्यांच्याकडे उपचाराला येत आणि छळ करणारे पोलीसही. १९५६ मध्ये राजीनामा देऊन ते उघडपणे स्वातंत्र्य चळवळीत गेले. रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेले असताना त्यांनी शेवटचे पुस्तक लिहिले. १९६१ च्या उन्हाळ्यात रोममध्ये त्यांची सार्त्र आणि सिमोन द बोव्हार यांच्याशी भेट झाली. पहिल्याच दिवशी गप्पा रात्री दोनपर्यंत चालल्या, असे बोव्हार यांनी लिहून ठेवले आहे. ज्यांच्यामुळे कधीकाळी दुखावले गेले, त्यांनाच फॅनन यांनी प्रस्तावना मागितली. पुस्तक प्रसिद्ध झाले आणि थोड्याच दिवसांत, ६ डिसेंबर १९६१ रोजी, अमेरिकेतील रुग्णालयात वयाच्या ३६ व्या वर्षी फॅनन यांचे निधन झाले.

सार्त्र यांची प्रस्तावना युरोपीय वाचकाला उद्देशून होती आणि हिंसेबाबत फॅनन यांच्यापेक्षाही जहाल होती. अनेकांनी पुस्तकाऐवजी प्रस्तावनाच लक्षात ठेवली. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी सार्त्र यांनी इस्रायलच्या बाजूच्या निवेदनावर सही केली, तेव्हा फॅनन यांच्या पत्नी जोसी यांनी ती प्रस्तावना पुढील फ्रेंच आवृत्तीतून काढायला लावली.

वाचकांनी या पुस्तकातून आपापल्या गरजेचे घेतले. १९६६ मध्ये अमेरिकेतील ओकलँडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष स्थापन करणारे बॉबी सील आणि ह्यूई न्यूटन यांच्यावर त्याचा मोठा प्रभाव होता. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांचे ‘पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’ जवळपास पूर्ण झाले असताना त्यांच्या हाती फॅनन आले आणि त्यांना आपल्या लिखाणाकडे पुन्हा वळावे लागले. दक्षिण आफ्रिकेत स्टीव्ह बिको यांच्या ‘ब्लॅक कॉन्शसनेस’ चळवळीने त्यातून आत्मसन्मानाचा धडा घेतला.

हाना आरेंट यांनी १९७० च्या ‘ऑन व्हायोलन्स’मध्ये एक मार्मिक निरीक्षण नोंदवले : फॅनन हे त्यांच्या चाहत्यांपेक्षा हिंसेबाबत अधिक साशंक आहेत, लोकांनी बहुधा पहिलेच प्रकरण वाचले आहे. त्यांचे म्हणणे पडताळून पाहता येते. पुस्तकाच्या शेवटाकडे रुग्णांच्या नोंदी आहेत. दिवसभर कैद्यांचा छळ करून घरी बायकामुलांना मारणारा पोलीस अधिकारी त्यात आहे आणि आपल्या हातून मारल्या गेलेल्या माणसाच्या आठवणीने झोप उडालेला लढवय्याही. पहिल्या प्रकरणापाशी थांबलेल्या वाचकाला बंदुकीचे समर्थन सापडते. शेवटपर्यंत जाणाऱ्याला तीच बंदूक दोन्ही बाजूंच्या माणसांचे काय करते, तेही दिसते.

मेलेल्या अरबाला नाव कोणी दिले?

अल्जीरियन पत्रकार कामेल दाऊद यांनी. १९७० मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर जन्मलेले दाऊद ओरानमधील दैनिकात स्तंभ लिहीत. २०१३ मध्ये अल्जियर्सच्या बार्झाख प्रकाशनाने त्यांची कादंबरी काढली. इंग्रजीत ती ‘द म्यूर्सो इन्व्हेस्टिगेशन’ या नावाने आली. तिचा निवेदक हारून हा म्हातारा मृताचा धाकटा भाऊ आहे. ओरानच्या बारमध्ये बसून तो एका तरुण अभ्यासकाला सांगतो की, माझ्या भावाचे नाव मूसा होते. त्या प्रसिद्ध पुस्तकात ‘अरब’ हा शब्द २५ वेळा येतो आणि नाव एकदाही येत नाही, हेही तो मोजून सांगतो. मूसाचा मृतदेह कधीच सापडला नाही. आईने वर्तमानपत्रातील दोन कात्रणे जपली आणि जिवंत मुलाला मेलेल्या मुलाच्या जागी वाढवले.

दाऊद इथे थांबले असते, तर हा फक्त हिशेब चुकता करणारा प्रतिवाद ठरला असता. पण त्यांचा हारून स्वतःही खून करतो. १९६२ च्या जुलैमध्ये, स्वातंत्र्य मिळाल्यानंतर लगेचच, आईच्या समोर तो जोसेफ नावाच्या फ्रेंच माणसाला गोळी घालतो. नव्या राजवटीतील अधिकाऱ्याची त्याच्याकडे तक्रार एकच : हेच काम काही दिवस आधी, युद्ध चालू असताना का केले नाहीस? तेव्हा ते देशकार्य ठरले असते. म्यूर्सोवरील खटल्यात जसा मृताचा प्रश्न दुय्यम ठरला, तसाच इथेही ठरतो. फरक इतकाच की हारूनला आपण मारलेल्या माणसाचे नाव माहीत आहे. वय वाढत जाते तसा धर्म, देश, समाज यांच्यापासून तुटलेला हारून म्यूर्सोसारखाच दिसू लागतो.

या कादंबरीला २०१५ मध्ये पहिल्या कादंबरीसाठीचा गाँकूर पुरस्कार मिळाला. त्याआधी, डिसेंबर २०१४ मध्ये, धर्माबद्दलच्या वक्तव्यांवरून एका कट्टरपंथी धर्मोपदेशकाने दाऊद यांना जाहीरपणे देहान्ताची शिक्षा देण्याची मागणी केली. २०२४ मध्ये दाऊद यांना ‘ऊरी’ या कादंबरीसाठी मुख्य गाँकूर पुरस्कार मिळाला. अल्जीरियातील १९९० च्या दशकातील यादवीवरील हे पुस्तक आहे. त्यानंतर त्या काळातील हत्याकांडातून वाचलेल्या एका महिलेने आपली जीवनकथा परवानगीविना वापरल्याचा आरोप केला. दाऊद यांनी तो फेटाळला आहे. अनामिकाला नाव देणाऱ्या लेखकालाच आता ‘ही गोष्ट सांगण्याचा हक्क कोणाचा?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागत आहे.

मराठीत ‘उपरा’ कोण?

‘एत्रांजे’ या फ्रेंच शब्दात परका, परदेशी, बाहेरचा असे सगळे अर्थ आहेत. मराठीत त्याला अगदी जवळचा शब्द आहे ‘उपरा’. आणि मराठी वाचकाला तो आठवतो लक्ष्मण माने यांच्या १९८० मधील आत्मकथनामुळे. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या, टोपल्या विणणाऱ्या कैकाडी समाजातील मुलाची ही कहाणी. तिला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्यूर्सोला जग परके वाटते. माने यांच्या पुस्तकातील मुलाला जगच परके ठरवते. गावाच्या वेशीबाहेर पाल ठोकण्यापासून ते शाळेत कुठे बसायचे इथपर्यंत.

हा फरक मराठीत आधीही दिसला होता. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. खानदेशातील गावातून पुण्यात शिकायला आलेला आणि सगळे निरर्थक वाटून परतलेला पांडुरंग सांगवीकर पिढ्यान्‌पिढ्यांच्या तरुणांना आपला वाटला. अस्तित्ववादाच्या अंगाने या कादंबरीची भरपूर चर्चा झाली. स्वतः नेमाडे पुढे देशीवादाचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले गेले. त्याच १९६३ मध्ये बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. शीर्षककथेतील तरुण नोकरीच्या गावी जात लपवून राहतो आणि ती उघड होताच मार खातो. एका पुस्तकात ‘मी कोण?’ हा प्रश्न नायक स्वतःला विचारतो. दुसऱ्यात ‘तू कोण?’ असे समाज दरडावून विचारतो. दोन्ही प्रश्न अस्तित्वाचेच आहेत. दुसऱ्याचे उत्तर चुकले तर मात्र जीव जाऊ शकतो.

जगभरच्या वाचनाचे धागेही इथे येऊन मिळाले. महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले होते. पुढे १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांच्या पुढाकाराने मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात त्या चळवळीचा उल्लेखही आहे. मार्टिनिकच्या डॉक्टरने अल्जीरियात मांडलेले विचार ओकलँडमार्गे मुंबईपर्यंत पोहोचले ते असे.

वाचकाच्या व्यक्तिगत प्रतिक्रियेला किती महत्त्व द्यायचे?

‘मला हे पुस्तक असे भिडले’ हे वाक्य समीक्षेत दुय्यम मानले जाते. अमेरिकी अभ्यासक लुईस रोझेनब्लाट यांनी १९३८ मध्येच याला हरकत घेतली होती. कलाकृतीचा अर्थ मजकूर आणि वाचकाचा अनुभव यांच्या व्यवहारातून घडतो, असे त्यांचे म्हणणे. वसाहतींतून आलेल्या वाचकांचा इतिहास त्याला दुजोराच देतो. कॅरिबियन बेटावर वाढलेल्या जीन रीस यांना ‘जेन एअर’मधील माळ्यावर कोंडलेली वेडी बायको आपल्या भागातील आहे, हे विसरता आले नाही, त्यातून १९६६ मध्ये ‘वाइड सारगासो सी’ ही कादंबरी आली. १९७५ मध्ये चिनुआ अचेबे यांनी कॉनरॅड यांच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर जाहीर व्याख्यानात वंशवादाचा आरोप केला, तोही आफ्रिकी वाचक म्हणून. या सर्वांनी आपले दुखणे दाखवले आणि लगोलग मजकुरातील जागाही दाखवली. म्हणून त्यांचे वाचन खासगी तक्रारीपुरते राहिले नाही.

नुसत्या भावनेवर विसंबलेले वाचन कुठे जाऊ शकते, याचेही उदाहरण याच कादंबरीशी जोडलेले आहे. ‘द क्युअर’ या ब्रिटिश बँडने १९७८ मध्ये ‘लेत्रांजे’वर आधारित गाणे काढले. शीर्षकात अरबाच्या हत्येचा थेट उल्लेख होता. कादंबरी न वाचलेल्यांनी त्याचा द्वेषगीतासारखा वापर सुरू केला. १९८६ मध्ये त्यांच्या गाण्यांच्या संग्रहावर, या गाण्याचा अर्थ वंशद्वेषाचा नाही, अशी चिठ्ठी चिकटवावी लागली. नंतरच्या कार्यक्रमांत तर गाण्याचे शब्दच बदलले गेले. ज्याला नाव नाही, तो मेला तरी कोणाला फरक पडत नाही, हा वसाहतीतील वाचकांचा आक्षेप निव्वळ पुस्तकी नव्हता, हे यातून दिसले.

मग काम्यू वाचायचे की टाकून द्यायचे?

आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी टाकून द्या असे म्हटलेले नाही. सईद यांना काम्यू यांच्या लेखनाची ताकद मान्य होती. ती ताकद कुठल्या इतिहासातून येते ते पाहा, एवढा त्यांचा आग्रह होता. दाऊद यांची कादंबरी तर मूळ पुस्तक ज्याला जवळजवळ पाठ आहे, अशा माणसाने लिहिलेली आहे. फॅनन यांनीही सार्त्र यांच्याशी भांडण काढले आणि शेवटी प्रस्तावनाही त्यांच्याकडेच मागितली.

२०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत ‘द प्लेग’ची मागणी अनेक देशांत एकाएकी वाढली, ७३ वर्षांपूर्वीच्या त्या पुस्तकात लोक आपल्या बंद दारांचा अर्थ शोधत होते. २०२५ मध्ये फ्रान्स्वा ओझों यांनी ‘लेत्रांजे’वर नवा चित्रपट केला, तो व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला. ही पुस्तके इतक्यात विस्मरणात जाणार नाहीत. कॉलेजात शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर ‘द आउटसायडर’ उघडून म्यूर्सोत स्वतःला पाहील, हे स्वाभाविक आहे आणि त्यात चूकही काही नाही. मात्र किनाऱ्यावर पडलेल्या त्या माणसाला एक बहीण होती, तिचे नाव म्यूर्सोला ठाऊक होते आणि त्याने ते वाचकाला सांगितले नाही, हेही त्याच पुस्तकात लिहिलेले आहे. दाऊद यांनी भावाला मूसा हे नाव दिले. त्या बहिणीला मात्र मूळ कादंबरीत आजही नाव नाही.